हिरवा ठिपका

मामा वाजवून पाहिल्याशिवाय काही विकत घेत नसे. कप घ्यायचा असला तर दुकानदारासमोरच तो एका बोटावर टांगायचा, दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. दुकानदार आधी हसायचा, मग कंटाळायचा आणि सहाव्या कपाला म्हणायचा, "अहो, चहाच प्यायचाय ना, की मैफल भरवायचीय?" मामावर त्याचा परिणाम शून्य. बादली, पातेलं, दाराची फळी, भिंतीचा गिलावा, सगळ्याला तो टिचकी मारून बघायचा. लहानपणी माझ्या डोक्यालाही मारायचा आणि म्हणायचा, "माल आहे, पण कमी भरलाय."

त्याचं पोटच त्यावर चालायचं. लोखंड घासायला, हत्यारांना धार लावायला जी दगडासारखी दिसणारी चाकं असतात, ती बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. ही चाकं भट्टीत भाजून काढतात. भाजताना एखाद्याला तडा जातो, आणि तो बहुतेकदा डोळ्यांना दिसत नाही. असं चाक यंत्रावर चढून मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागलं की फुटतं आणि त्याचे तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतात. म्हणून कारखान्याबाहेर पडण्याआधी प्रत्येक चाक वाजवून बघावं लागतं. सत्तावीस वर्षं ते काम मामानं केलं.

भट्टी आणि पॅकिंग यांच्या मध्ये एक लांबट खोली होती. तिथे आडव्या सळईवर चाक टांगायचं आणि लाकडी दांड्यानं चार ठिकाणी हलका टोला द्यायचा. मामाचा दांडा म्हणजे तुटलेल्या पेचकसाची मूठ होती आणि तिला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग चाक थोडं फिरवून पुन्हा चार टोले. धड चाक ठण्ण वाजतं आणि तो आवाज जरा रेंगाळतो. फुटकं चाक थद् करून गप्प बसतं. इतकं तर कुणालाही कळतं. मामाचा पगार होता तो त्याच्या पुढच्या गोष्टीचा. तडा केसाएवढा बारीक असला तर चाक ठण्णच वाजतं, फक्त त्या आवाजाच्या वर जी एक बारीक किणकिण असते, तेवढी नसते. ती किणकिण मामाला ऐकू यायची. इतरांना, अशी किणकिण असते म्हणून सांगितलं तरी ऐकू यायची नाही. पसंत पडलेल्या चाकाच्या कागदी बिल्ल्यावर तो सात नंबरचा शिक्का मारायचा. कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं. मी कोण, असं त्याला विचारलं असतं तर त्यानं आपल्या नावाआधी हेच सांगितलं असतं.

माझे वडील लवकर गेले, तेव्हा आई मला घेऊन मामाकडे आली. कारखान्याच्या मागच्या चाळवजा घरांत दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे मामाची सगळी अक्कल माझ्याच वाट्याला आली. वीज चमकली की तो मला खिडकीत उभी करायचा आणि मोजायला लावायचा. एक, दोन, तीन, मग गडगडाट. "तीन मोजलेस म्हणजे एक किलोमीटर लांब," असं तो सांगायचा. "उजेड निघाला की पोचलाच समज. आवाज बिचारा चालत येतो. पण येतो मात्र नक्की. उजेड दिसला की आवाज येणारच, वाट बघायची." आवाज म्हणजे काय, हेही त्यानंच सांगितलं. रांगेत मागच्यानं ढकललं की पुढच्याला धक्का बसतो, त्याच्या पुढच्याला बसतो, कुणी जागा सोडून जात नाही, धक्का तेवढा शेवटपर्यंत जातो. हवेचं तसंच असतं आणि चाकाचंही तसंच. चाकात तडा असला की धक्का तिथे अडतो. नंतर मी हे सगळं पुस्तकांतून शिकले, लहरी आणि त्यांची लांबी आणि एका सेकंदात किती वेळा काय हलतं ते. मामानं सांगितलं त्यात खोडून काढावं असं काही सापडलं नाही.

शिकून मी कान तपासायच्या केंद्रात लागले. आता ती नोकरी नाही, आणि का नाही ते पुढे येईलच. भिंतींना जाड गादी लावलेली एक लहान खोली असायची, तिला दुहेरी काचेची खिडकी. तपासायचा माणूस आत, कानांवर हेडफोनच्या टोप्या लावून आणि हातात बटण धरून. मी बाहेर यंत्रापाशी. मी एकेक आवाज सोडायचा, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, आणि प्रत्येक हळू हळू करत न्यायचा. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. शेवटी कागदावर एक रेघ तयार होते. मी कुठलाही आवाज सोडला की यंत्रावर एक छोटा हिरवा दिवा लागायचा, आवाज बंद झाला की विझायचा.

कारखान्यातल्या माणसांची ती रेघ मला न तपासता काढता आली असती. डावीकडून सरळ येते आणि चार हजारांच्या आकड्यापाशी, जिथे आवाज बारीक होतात, खड्ड्यात पडते. कानाच्या आत शंखासारखी एक वळणदार नळी असते, त्यात पाणी असतं, आणि त्या पाण्यात डुलणारे हजारो बारीक केस. बारीक आवाज ओळखणारे केस अगदी दाराशी, जाड आवाजांचे आत. बाहेरून येणारा प्रत्येक गोंगाट दाराशी असलेल्यांना तुडवूनच आत जातो. दारातलं पायपुसणं आधी झिजतं, तसे ते आधी मरतात. पायपुसणं नवीन आणता येतं. हे केस एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत, कुणाचेच नाहीत आणि कधीच नाहीत. हे वाक्य मी रोज दहा माणसांना सांगत होते.

आणि घरी? घरी दिव्याखाली अंधार. मामा टीव्ही मोठा लावू लागला होता. मामीनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायचा, पण सांगितलेलं भलतंच आणायचा. आम्ही हसायचो. मामी म्हणायची, "ह्यांना माझं ऐकू येत नाही यात नवीन काय? लग्न झाल्यापासून येत नाही." मामाही हसायचा, जरा उशिरा, आम्ही हसतो आहोत हे बघून. बारीक आवाज गेलेल्या माणसाला बोलणं ऐकू येतं पण समजत नाही, शब्दांच्या कडा घासल्या जातात. हे मला पाठ होतं. घरात येऊन मी तेही विसरायचे.

कारखान्यातल्या सगळ्यांना वर्षातून एकदा आमच्या केंद्रात पाठवत. मामाची आधीची तपासणी माझ्या आधी त्या जागी असलेल्या बाईंनी केली होती. त्या कडक होत्या. माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या, कारण समोर बसलं की माणूस तपासणाऱ्याचा चेहरा वाचतो, हाताकडे बघतो. नियमच तसा आहे. त्या निवृत्त झाल्या आणि त्या वर्षी मामा माझ्यासमोर आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आत जाऊन त्यानं खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली.

"तिकडे वळव, मामा," मी माइकमधून म्हणाले.

"भाची एवढी मोठी झाली, मशीन चालवते, ती मी भिंतीकडे तोंड करून बघू?" तो म्हणाला. "बसू दे गं."

मी बसू दिलं. दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट फिरवला असता. आपला तो बाब्या, दुसरं काय.

मी आवाज सोडत गेले, तो बटण दाबत गेला. तो एकटक माझ्याकडे बघत होता आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं, की किती जीव लावून देतोय परीक्षा. जाड आवाज झाले, मधले झाले. चार हजार, सहा हजार, आठ हजार. हळू, आणखी हळू. यंत्रातून निघू शकणारा सगळ्यात हळू आवाज सोडला, जो मला स्वतःला ऐकू येत नव्हता. मामानं बटण दाबलं.

कागदावर रेघ सरळ आली. मी 'उत्तम' लिहून सही केली. त्या कागदात मी आणखीही एक गोष्ट केली, ती पुढे सांगते. आत्ता लगेच सांगायचा धीर नाही. मामीनं त्या कागदाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवू लागली. "विशीतले कान आहेत म्हणे," ती सांगायची, "माझं सोडून सगळं ऐकू येतं."

पाच महिन्यांनी एका लहान वर्कशॉपमध्ये एक चाक फुटलं. ग्राइंडरवर चाळिशीचा एक कामगार होता. एक डोळा जागीच गेला आणि दुसऱ्याला उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं राहिलं. चाकाचे तुकडे गोळा केले तेव्हा बिल्ल्याचा अर्धा तुकडाही सापडला. त्यावर सात नंबर होता, आणि तारीख मामाचे कान तपासल्यानंतरची.

चौकशी बसली. मामाला बोलावलं, तासभर विचारलं आणि सोडून दिलं. तो घरी आला तेव्हा मामी दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"काही नाही. माझा दोष नाही म्हणाले."

"मग तोंड का असं?"

मामा आत आला. चपला काढून तो कॉटवर बसला.

चौकशीचा हिशेब सरळ होता. चाक वाजवणाऱ्याचे कान उत्तम आहेत, तसा केंद्राचा कागद आहे. म्हणजे कारखान्यातून निघताना चाक धड होतं. म्हणजे तडा नंतर गेला. म्हणजे ग्राइंडरवाल्यानं ते आपटलं, नाहीतर नट नको तेवढा आवळला. अपघात त्याच्याच हलगर्जीपणामुळे, असं लिहायचं ठरलं. शेवटचा अहवाल अजून व्हायचा होता, पण काय होणार ते सगळ्यांना कळलं होतं.

मामा दोन दिवसांनी आपणहून त्या अधिकाऱ्याकडे गेला. "साहेब, कदाचित मला ऐकू आलं नसेल," असं त्यानं सांगून बघितलं. अधिकारी भला माणूस होता. त्यानं मामाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या सहीचा कागद समोर ठेवला. "तुम्हाला वाईट वाटतंय, ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण हे बघा. तुमच्या भाचीचीच सही आहे ना? एवढे चांगले कान माझे नाहीत हो." मामानं कागद बघितला आणि परत आला. त्या दिवसापासून त्यानं घरात कशालाही टिचकी मारली नाही.

आता ती दुसरी गोष्ट. तपासणीच्या दिवशी मामाच्या फाइलमध्ये आदल्या वर्षीचा कागद होता. कडक बाईंनी काढलेला. त्यात चार हजारापाशी खड्डा होता, फार मोठा नाही, पण होता. मी तो बघितला. आणि माझ्या हातातल्या कागदावर रेघ सरळ होती. वर्षात खड्डा भरून निघाला होता. केस पुन्हा उगवले होते. रोज दहा माणसांना जे कधीच होत नाही म्हणून सांगते, ते माझ्या मामाच्या कानांत झालं होतं. मी काय केलं? पेन घेतलं आणि नवीन आकडे थोडे वाईट करून लिहिले. आकडा जितका मोठा तितका कान कमी, म्हणून शून्याच्या जागी दहा, दहाच्या जागी पंधरा, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटेल. काहीतरी चुकतंय हे कळल्याशिवाय माणूस असं करत नाही. काय चुकतंय ते मला माहीत नव्हतं आणि मी ते माहीत करून घेतलं नाही. मामा खिडकीपलीकडे हसत होता. त्याला भिंतीकडे फिरवून पुन्हा तपासायला दहा मिनिटं लागली असती. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला पाच महिने काहीच खवखवलं नाही, हे मी स्वतःला माफ करू शकत नाही.

एका रविवारी मामा म्हणाला, "त्या ग्राइंडरवाल्याकडे जाऊन येऊ. तू चल बरोबर." मी नको म्हणाले. तो उठून शर्ट घालू लागला, तेव्हा मी गेले.

तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचं घर होतं. त्याच्या बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती गच्चीवर गेली. तो खुर्चीत बसला होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा, पण आमच्या मधून पलीकडे बघणारा. मामा त्याच्याजवळच्या स्टुलावर बसला. बाजूच्या फळीवर औषधांच्या बाटल्या, कापूस आणि हाताएवढं एक घड्याळ होतं.

"कंपनीकडून आलोय," मामा म्हणाला.

"कागद आणलेत का सहीला?"

"नाही. नुसतं भेटायला."

"बरं केलंत." त्यानं मान जराशी कलती केली. आता तो माणसं कानानं बघत होता. "तुमच्याबरोबर कोणी आहे. बाईमाणूस. चष्मा आहे का त्यांना? काडी वाजली मघाशी."

"माझी भाची," मामा म्हणाला.

ते थोडं बोलले. दुखतं का, झोप लागते का. आणि मग ते फळीवरचं घड्याळ वाजायला लागलं. बारीक, टोचणारा आवाज, टिट् टिट्, टिट् टिट्. मामाच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

"थेंब घालायची वेळ झाली," तो माणूस म्हणाला. "ते तुमच्या हाताशीच आहे, जरा बंद करता का?"

मामानं विचारलं, "काय बंद करू?"

"वाजतंय ते."

मामानं वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. कोपऱ्यातल्या रेडिओकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. घड्याळ वाजतच होतं. मी उठले, त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि ते बंद केलं. मामा माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. 

त्या माणसानं मान मामाच्या दिशेला वळवली. मग त्यानं विचारलं, "कंपनीत काय काम करता तुम्ही?"

मामाला काहीही सांगता आलं असतं. पॅकिंग म्हणता आलं असतं, ऑफिस म्हणता आलं असतं.

"चाकं वाजवून बघतो," मामा म्हणाला.

"सात नंबर?"

"हो."

त्या माणसानं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. मला वाटलं आता ओरडेल. तो साध्या आवाजात म्हणाला, "मी चाक आपटलं नव्हतं. खोक्यातून दोन्ही हातांनी अलगद काढलं होतं. नट बेतानं आवळला होता, एकोणीस वर्षं आवळतोय. डोळे गेले ते गेले. पण माझ्या हातून झालं असं लिहिणार आहेत ते. माझी मुलगी वाचणार आहे ते. तेवढं नीट लिहायला सांगा कुणाला तरी."

बायको गच्चीवरून आली आणि थेंबांची बाटली उघडू लागली. आम्ही निघालो.

जिना उतरताना मामा भिंतीला धरून उतरत होता.  बस थांब्यावर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "तुझा चष्मा नवीन होता ना तेव्हा?"

"कधी?"

"तपासणीच्या दिवशी. मोठ्या काचांचा. त्यात दिवा दिसत होता."

मला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. यंत्रावरचा हिरवा दिवा माझ्या चष्म्याच्या काचेत पडत होता. मधल्या दुहेरी काचेनं आवाज अडतो, म्हणून तर ती बसवतात. उजेड तिच्यातून सरळ जातो.

"मी फसवायला बसलो नव्हतो गं," मामा म्हणाला. "खरंच तुला बघायला बसलो होतो. आधी ठिपका दिसायचा, आवाज यायचा. मग पुढे पुढे ठिपका दिसायचा आणि आवाज यायचाच नाही. मला वाटलं, येईल. विजेसारखं. मी मनात मोजत बसलो, एक, दोन, तीन. नाही आला. मग घाबरलो. मग दाबलं बटण. एकदा दाबल्यावर पुढचं न दाबून कसं चालेल?"

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? कान गेला म्हणून? मग मला गेटवर बसवतील, ये-जा लिहायला. बसवू देत, त्याचं काही नाही. पण सत्तावीस वर्षं ज्या ऐकण्यावरून लोक मला ओळखतात, तेच नाही राहिलं तर मी कोण?" त्यानं नाक पुसलं. "वाटायचं, हाताला कळतं की. चाक थरथरतं, बोटांना लागतं. बरेच दिवस बोटांवर भागवलं."

मग मीही त्याला माझं सांगितलं. आदल्या वर्षीचा खड्डा, आणि पेन घेऊन वाईट केलेले आकडे. त्यानं ऐकलं, निदान माझ्या ओठांकडे बघत राहिला. मला तोंडात मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघांनी मिळून केलं."

बस आली आणि गेली. आम्ही चढलो नाही. "उद्या तपास पुन्हा," मामा म्हणाला. "आणि या वेळी चष्मा काढून बस."

रात्री आईनं विचारलं, "नोकरी जाईल ना तुझी?" मी हो म्हणाले. मामाचीही जाणार होती, आणि कदाचित पुढे आणखीही काही होणार होतं. मामी कपाटापाशी गेली आणि दारावरचा कागद नखानं खरवडून काढू लागली. तो नीट निघेना. कडा चिकटून राहिल्या.

सोमवारी सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या मामा आला. तोच इस्त्रीचा शर्ट. त्यानं स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी यंत्रावरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, चष्मा काढून खणात ठेवला आणि दोन्ही वर्षांचे कागद समोर मांडले. चष्म्याशिवाय मामा मला धूसर दिसत होता, पाठमोरा, पांढरा शर्ट आणि पांढरी मान. त्यानं अंगठा बटणावर ठेवला, मान खाली घातली आणि डोळे मिटले असावेत. चाकासमोर तो असाच उभा राहायचा.

जाड आवाज सोडले, त्याचा अंगठा हलला. मधले सोडले, हलला, जरा उशिरा. दोन हजारला बराच मोठा करावा लागला. मग मी चार हजार लावलं. वीसवर सुरू केलं. तीस, चाळीस. काही नाही. पन्नास, साठ. एवढ्या मोठ्या आवाजाला माणूस टोपी कानावरून दूर करतो. मी सत्तरवर नेलं आणि बटण दाबून धरलं, सोडलंच नाही. आत त्याच्या कानापाशी तो आवाज एकसारखा वाजत होता. मामा अंगठा तयार ठेवून, मान खाली घालून, जराही न हलता बसला होता.

माझ्या कानात माइकमधून त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"पुढचं सुरू केलंस का गं?"